रस्त्यावर मिटवलं, म्हणजे मिटलं का?

घाटवाट
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज पायावर धोंडा पडल्यावर लिहितोय.

गेल्या रविवारी संध्याकाळी फलटणहून पुण्याकडे निघालो होतो. शेजारी बायको, मागे मेहुणा. दोन्ही बाजूंना ऊस. मधल्या पाणंदीतून एक एक्सेल मोपेड थेट डांबरीवर आली. माझा वेग साठ-पासष्ट असेल. ब्रेक मारला, पण डावा कोपरा लागलाच. चालवणारे आबा साठी उलटलेले, गाडीला दोन्हीकडे दुधाच्या किटल्या. एक किटली गडगडत उसात गेली, दुसरी तिथेच आडवी झाली आणि दूध माझ्या चाकाखालून वाहत साईडपट्टीच्या मातीत मुरलं.

थांबलो. आबांचा उजवा पाय गुडघ्याखाली वाकडा दिसत होता. पाच मिनिटांत वीसेक माणसं जमली. एकाने बॉनेटवर दणका घातला, पण एका म्हाताऱ्याने "आधी माणूस उचला रं" म्हणून सगळ्यांना गप्प केलं. आबांना मागच्या सीटवर आडवं घातलं, त्यांचा पुतण्या बसला आणि नऊ-दहा किलोमीटरवरच्या दवाखान्यात नेलं.

तिथे चहाच्या टपरीवर बैठक बसली. "पोलिसांच्या लफड्यात कशाला पडता, तारखा कोण खाणार?" २० हजार ठरले. मी दिले. वहीच्या पानावर 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून आबांची सही घेतली. रात्री घरी आलो.

आज बुधवार. पोलिसांना कळवलेलं नाही, विमा कंपनीलाही नाही. मेहुणा म्हणतो, मिटलंय ते उकरू नका. बायको म्हणते, आपण पळून आल्यासारखं झालंय. कायद्याने मला नक्की काय करायला हवं होतं? आणि आता करता येईल का?

निंबोणी
आबा कसे आहेत, ते आधी सांगा.

घाटवाट
नडगीची दोन्ही हाडं मोडली आहेत. काल ऑपरेशन झालं, रॉड टाकला. पुतण्याचा फोन आला होता, बिल लाखाच्या वर जाईल म्हणाला. पैसे मागितले नाहीत. नुसतं सांगितलं.

नाना_फडणीस_नव्हे
माणूस दवाखान्यात पोचवला, खिशातून पैसे दिले, सही घेतली. आणखी काय करणार? आता ठाण्यात जाणं म्हणजे झोपलेल्या नागोबाला दूध पाजणं. गाडी अडकेल, कोर्टात दहा वर्षं चपला झिजतील. मी तरी गेलो नसतो. (मावैम, म्हणजे माझं वैयक्तिक मत)

पेरूचीफोड
मेहुण्यांचे सल्ले यावर स्वतंत्र धागा हवा. आमच्या घरातला नमुना मी तिथे टाकेन.

काळाकोट
घाटवाट, वकिली करतो म्हणून जरा विस्ताराने लिहितो. तुमची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत. जवळच्या वकिलाला भेटाच.

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १३४. कोणी जखमी झालं तर चालकावर तीन जबाबदाऱ्या येतात. जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात पोचवण्यासाठी शक्य ते सगळं करायचं. पोलीस मागतील ती माहिती द्यायची, आणि जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात जाऊन शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, काय घडलं ते सांगायचं. तिसरी गोष्ट फार जणांना माहीतच नसते. विमा कंपनीला लेखी कळवायचं: पॉलिसी क्रमांक आणि मुदत, तारीख, वेळ, जागा, जखमी कोण, चालक कोण, लायसन्स कुठलं.

पहिली जबाबदारी तुम्ही नीट पार पाडलीत, त्याचं श्रेय तुम्हाला आहेच. उरलेल्या दोन राहिल्या. त्या न पाळणं हा कलम १८७ खाली वेगळा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चूक आबांची असली तरी या जबाबदाऱ्या टळत नाहीत. अपघात कोणाच्या चुकीने झाला, हे हे कलम विचारतच नाही.

आता त्या वहीच्या पानाबद्दल. हाड मोडलं म्हणजे कायद्याच्या भाषेत 'गंभीर दुखापत'. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत, भारतीय न्याय संहिता कलम १२५(ब), तीन वर्षांपर्यंत शिक्षा. बेदरकार वाहन चालवणं, कलम २८१. दोन्ही जामीनपात्र आहेत, त्यामुळे लगेच तुरुंगाचं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. पण दोन्ही दखलपात्रही आहेत, म्हणजे पोलीस स्वतःहून गुन्हा नोंदवू शकतात. १२५ कोर्टाच्या परवानगीने तडजोडीत मिटू शकतं, २८१ तसंही मिटत नाही. टपरीवर तर यातलं काहीच मिटत नाही. शिवाय पाय मोडलेल्या, वेदनाशामक टोचलेल्या माणसाने त्या रात्री केलेल्या सहीवर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

आणि नाना, नागोबा झोपलेला आहे हे कशावरून? दवाखान्याने एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद, केली असेल तर ठाण्याला खबर गेलेलीच आहे. चालक तिकडे फिरकलाच नाही, तर नोंद 'अज्ञात वाहन' अशी होते. म्हणजे जो माणूस थांबला आणि जखमीला घेऊन गेला, तो कागदावर पळून गेलेला ठरतो. बायकोचं ऐका.

नाना_फडणीस_नव्हे
वकीलसाहेब, पुस्तकात सगळं बरोबर आहे. ९४ साली बार्शी रोडला आमच्या जीपला सायकलवाला आडवा आला. तिथल्या तिथे मिटवलं. तीस वर्षं झाली, कोणी विचारलं नाही.

काळाकोट
तुम्हाला कोणी विचारलं नाही, हे खरं. सायकलवाल्याला कोणी विचारलं का?

एमएच३१_वाला
आमच्या नागपुरात तर धडक झाली की पहिले दहा मिनिटं 'तुले दिसत नाही का बे' यातच जाते. जखमी बिचारा बाजूला बसून ऐकून राहतो. कलम १३४ मध्ये हे टाका न भाऊ, की आधी तोंड बंद करा.

रात्रपाळी
अपघात विभागात काम करते, दोन गोष्टी सांगते.

एक, तुम्ही आबांना कारमध्ये आडवं घातलंत. भावना समजते आणि पायच मोडला होता म्हणून निभावलं. पण मान किंवा पाठीला मार असेल तर असं उचलून घडी करून गाडीत कोंबल्याने माणूस जन्माचा अपंग होऊ शकतो. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका येईपर्यंत रक्त थांबवा, शुद्धीत असेल तर बोलत राहा, पाणी-चहा पाजू नका. तोंडात पाणी ओतायला कोणीतरी धावतंच, आणि नंतर भूल द्यायला आम्हाला तेच नडतं. रुग्णवाहिका येणारच नसेल तर न्या, पण फळीवर, सरळ.

दुसरं, 'पोलीस आल्याशिवाय हात लावणार नाही' असं कोणी डॉक्टर म्हणाला तर तो चुकतोय. त्याच १३४ कलमात डॉक्टरचंही कर्तव्य लिहिलंय, कागदपत्रांसाठी न थांबता उपचार करायचे. सर्वोच्च न्यायालयाने तर १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात हे सांगितलंय.

आणि घाटवाट, बिलाचं वाचून विचारते. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतचे उपचार, पण ठरलेल्या दवाखान्यांत, आणि अपघाताची पोलिसांकडे नोंद लागते. तुम्ही कळवलंच नाहीत तर आबांच्या पुतण्याने कुठला कागद दाखवायचा?

घाटवाट
हे डोक्यातच आलं नव्हतं. मी इतके दिवस फक्त माझ्या बाजूने विचार करत होतो.

दहाचाकी
आमच्या घरच्या चार गाड्या नाशिक-इंदूर लाईनला आहेत. इथे सगळे म्हणतायत थांबा थांबा. आमच्या ड्रायव्हरने थांबून बघावं! चूक कोणाचीही असो, मोठ्या गाडीवाल्याला मार ठरलेला. आमच्या एका ड्रायव्हरची तीन बोटं गेली अशा मारहाणीत. तो थांबला होता म्हणून गेली. जानेवारी २०२४ मध्ये आम्ही गाड्या उभ्या केल्या, तेव्हा तुम्ही सगळे पेट्रोलपंपावर रांगा लावून आम्हाला शिव्या देत होतात, आठवतंय ना?

काळाकोट
दहाचाकी, तुमचा मुद्दा खोटा नाही आणि कायद्यालाही तो माहीत आहे. १३४ मध्येच लिहिलंय की जमावाच्या रागामुळे किंवा हाताबाहेरच्या कारणामुळे शक्य नसेल तर जखमीला नेण्याची सक्ती नाही. पण मग ठाण्यात जाऊन का थांबता आलं नाही, तेही सांगायचं. म्हणजे जीव वाचवायला तिथून निघता येतं, गायब होता येत नाही.

तुमचा संप ज्यावर झाला ते न्याय संहितेचं कलम १०६(२). निष्काळजीपणाने मृत्यू घडवून पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा. १ जुलै २०२४ ला बाकीची संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं. १०६(१), पाच वर्षांपर्यंतचं, लागू आहे.

दहाचाकी
आमच्या पोरांना मी तेच सांगितलंय. गर्दी अंगावर आली तर गाडी पुढच्या ठाण्याच्या दारात लाव, चावी टेबलावर ठेव, आधी १०८ आणि ११२ ला लोकेशन सांग, मग मला फोन. आधी मला फोन करायचे, आता क्रम बदललाय.

टेम्सकाठ
गंमत बघा, इकडचा, म्हणजे ब्रिटनचा, रोड ट्रॅफिक ॲक्टही १९८८ चाच आणि मुदतही २४ तासांचीच. कलम १७०. थांबायचं, नाव-पत्ता द्यायचा, जखमी असेल आणि विम्याचं प्रमाणपत्र तिथे दाखवता आलं नाही तर पोलिसांकडे जायचं. इथे कुत्र्याला धडकलात तरी थांबणं बंधनकारक आहे. मांजर मात्र यादीत नाही. आमच्या शेजारीणबाईंचा यावर फार राग आहे.

काळाकोट
अवांतर: आपल्याकडे कलम १३२ मध्ये अशीच यादी आहे. घोडा, गुरं, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी, शेळी. कुत्रा नाही.

पेरूचीफोड
म्हणजे मी कोथरूडमध्ये हत्तीला धडकले तर गुन्हा?

एमएच३१_वाला
तुम्ही धडकल्यावर जबाब हत्तीचाच घेतील. तुमचा घ्यायला तुम्ही राहाल का?

निंबोणी
हत्तीवरून परत या रे. मदत करणाऱ्यांचं काय? घाटवाटच्या जागी दुसराच कोणी वाटसरू आबांना घेऊन गेला असता, तर त्याला बसवून ठेवतात ना ठाण्यात?

रात्रपाळी
आता नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिलं, २०१९ मध्ये कलम १३४अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी नाही, नाव सांगायची सक्ती नाही. आमच्याकडे अजूनही लोक पेशंटला दारात सोडून पाठ फिरवतात, जणू त्यांनीच उडवलंय. चहा पाजून पाठवावंसं वाटतं. पण लक्षात घ्या, हे संरक्षण वाटसरूला. ज्याची गाडी धडकली त्याला हे लागू नाही.

मोगरा_सांगली
पहिल्यांदाच लिहितेय. मी आबांच्या बाजूची आहे.

२०१७ मध्ये माझ्या वडिलांना एका कारने उडवलं. सकाळी मंडईतून भाजी घेऊन सायकलवरून येत होते. कारवाला भला माणूस होता, त्यानेच दवाखान्यात नेलं, रडलासुद्धा. १५ हजार दिले. काकांनी वहीवर लिहून दिलं. सगळे म्हणाले, किती चांगला माणूस, आजकाल कोण थांबतं.

चार महिन्यांनी मांडीचं हाड नीट जुळलं नाही म्हणून दुसरं ऑपरेशन, मग जंतुसंसर्ग, मग तिसरं. वडील सुतारकाम करायचे. उकिडवं बसता येईना, धंदा बसला. आईच्या पाटल्या गेल्या. तेव्हा कोणीतरी सांगितलं की मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावा, विमा कंपनी देते. वकिलाकडे गेलो. एफआयआर? नाही. पंचनामा? नाही. गाडीचा नंबर? काकांना शेवटचे दोन आकडे आठवत होते. वकिलांनी फाईल मिटून परत दिली.

त्या माणसाच्या गाडीचा विमा होता. त्याने हप्ता भरला होताच ना? आमच्यासाठीच भरला होता तो. फक्त कोणाला कळवलं नाही. त्याच्यावर मला राग नाही. तो वाईट नव्हता, १५ हजार त्याला पुष्कळ वाटले असतील.

घाटवाट, तुमच्या आबांना दूध घालायला रोज दोनदा जावं लागतं. पाय कधी जमिनीला टेकेल, कोणालाच माहीत नाही.

नाना_फडणीस_नव्हे
ताई, हे वाचून गप्प बसलो. माझा आधीचा प्रतिसाद काढून टाकत नाही, राहू दे. पण तो सल्ला म्हणून कोणी घेऊ नये.

काळाकोट
मोगरा, यापुढे मी अशिलांना हाच प्रतिसाद वाचून दाखवेन.

दोन गोष्टी राहिल्या होत्या. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो जखमीसाठी. दावा कलम १६६ खाली लागतो, आणि एप्रिल २०२२ पासून मुदत अपघातापासून सहा महिने. तेव्हा 'बघू पुढे' म्हणण्यात ते निघून जातात. गाडी खरोखरच सापडली नाही तर कलम १६१ खाली सरकारकडून गंभीर जखमीला ५० हजार आणि मृताच्या वारसांना २ लाख, बस. रॉडचाच खर्च त्याहून जास्त.

आणि घाटवाट, पॉलिसीच्या अटी काढून वाचा. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे किंवा कबूल करायचे नाहीत, असं त्यात असतं. ते २० हजार लपवू नका. माणुसकीने उपचारासाठी दिले, असं आहे तसं लिहा. उशिराचं कारणही आहे तसं लिहा. २४ तास उलटले म्हणजे ठाण्याचं दार बंद होत नाही, पण पाचव्या दिवसापेक्षा चौथा बरा.

घाटवाट
उद्या सकाळी जातोय. बायको येतेय. मेहुण्याला कळवलेलं नाही.

पेरूचीफोड
मेहुण्याला न कळवणं कुठल्या कलमाखाली येतं?

निंबोणी
जाऊन आलात की लिहा. लोक धागे काढतात आणि मग गायब होतात, आम्ही इथे जीव मुठीत धरून.

घाटवाट
आलो परत. शनिवारी लिहितोय, कारण दोन दिवस यातच गेले.

गुरुवारी त्या हद्दीच्या ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार बाईंनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवत खाली आल्या आणि म्हणाल्या, "पांढरी कार, अज्ञात. तुम्हीच का?" दवाखान्यातून रविवारी रात्रीच खबर आली होती. काळाकोट, तुमचं वाक्य कानात वाजलं. बाईंनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "आपणहून आलात ते बरं केलं, आम्ही टोलनाक्याचं फुटेज मागवणार होतो."

गुन्हा दाखल झाला आहे. माझा जबाब झाला, नोटीस दिली, जामीन तिथेच झाला. वकील सोबत होते. गाडी ठेवून घेतली. आरटीओचे निरीक्षक दुसऱ्या दिवशी येऊन ब्रेक तपासून गेले. बायकोचा साक्षीदार म्हणून जबाब घेतला आणि "गाडीत तिसरं कोण होतं?" असं विचारलं. त्यामुळे मेहुण्यालाही पुण्याहून यावं लागलं. तो सध्या माझ्याशी बोलत नाही. हा या प्रकरणातला फायदा की तोटा, अजून ठरवलेलं नाही.

विमा कंपनीला ईमेल केला आणि शाखेत लेखी पत्र देऊन पोच घेतली. उशीर का, हे विचारलं. २० हजार का दिले, हेही विचारलं. तुम्ही सांगितलं तसं आहे ते लिहून दिलं.

मग दवाखान्यात गेलो. हे सगळ्यांत अवघड होतं. पुतण्याला वाटलं मी उलटी तक्रार केली, तो तावातावाने उठला. मोगराताई, मी तुमचा प्रतिसाद त्याला मोबाईलवर वाचायला दिला. माफ करा, विचारलं नाही. त्याने दोनदा वाचला. मग म्हणाला, "एफआयआरची प्रत कुठं मिळते?" तो दवाखाना कॅशलेसच्या यादीत नाही, म्हणून त्या योजनेचं जमलं नाही. पण दाव्याच्या कागदांसाठी तालुक्याच्या वकिलाकडे सोमवारी जातोय तो.

मोगरा_सांगली
माफी कशाला. बाबांनाही वाचून दाखवलं तुमचं.

दहाचाकी
गाडी कधी सुटणार? २४ तासांत सोडायची असते कलम १३६ प्रमाणे. आमच्या कधीच सुटत नाहीत ती गोष्ट वेगळी.

घाटवाट
सोमवारी म्हणालेत. अडलंय ते माझ्यामुळेच. त्या रात्री लोकांनी रस्त्यावरची किटली उचलून माझ्या डिकीत ठेवली होती, आणि मला पत्ताच नाही. पंचनाम्याला डिकी उघडली तर असा आंबूस भपकारा आला की पंच दोन पावलं मागे सरले. हवालदारांनी नाक दाबून लिहिलं, 'ॲल्युमिनियमची दुधाची किटली एक, एका बाजूस चेपलेली, झाकणासह'. आता ती मुद्देमालात आहे.

एमएच३१_वाला
आणि उसात गेलेली?

घाटवाट
तीही सापडली, पुतण्याकडे आहे. पण झाकण हिचं त्या किटलीला बसत नाही म्हणे. आबा पायाचं काही बोलत नाहीत, रोज फोन करून तेवढंच विचारतात. मंगळवारी किटली परत मिळवायला सुपूर्दनाम्याचा अर्ज द्यायचाय. काळाकोट, त्यावर सही आबांची लागेल की पुतण्याची चालेल?

काळाकोट
मालक आबा आहेत, सही त्यांचीच. या वेळी सकाळी, शुद्धीत असताना घ्या.